काचेच्या नळीतलं रक्त

विळा भाताच्या बुडख्याला लावला आणि त्याच वेळी उजव्या घोट्यात तापलेली सुई घुसावी तसं झालं. मी खाली पाहिलं. कापलेल्या पेंढीच्या आडोशाला काहीतरी जाड, आखूड हललं. अंगावर काळ्या गोल ठिपक्यांची साखळी होती. मग त्याचा आवाज आला, कुकरची वाफ सुटते तसा, लांबलचक. पेंढीखालून ते बांधाच्या गवतात सरकलं आणि आवाज थांबला.

घोणस होती. आमच्याकडं सुगीच्या दिवसांत बायकांना दुसऱ्या कशाची एवढी धास्ती नसते.

मी ओरडले नाही. विळा हातात धरून तशीच उभी राहिले. पाच-सहा हातांवर माझी सासू, आत्याबाई, वाकून कापत होत्या. त्यांच्या विळ्याचा खर्र खर्र आवाज येत होता. माझ्या घोट्यावर दोन बारीक भोकं होती आणि त्यातून रक्त येत होतं. ते बोटांपर्यंत आलं, बोटांतून मातीत उतरलं, तरी थांबेना. मग पाय आतून पेटला. आणि भीती आली.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मला चावलंय."

त्यांनी मान वर केली. माझ्या तोंडाकडं बघितलं, पायाकडं बघितलं. विचारलं एवढंच, "काय हुतं?"

"घोणस."

त्या धावत आल्या नाहीत. विळा बांधावर नीट ठेवला, चिखलातून चालत आल्या आणि मला खांद्याला धरून खाली बसवलं. "बस. एक पाऊल टाकायचं न्हाई. हलायचं न्हाई." मग त्यांनी दोन शेतं पलीकडं पाणी पाजत असलेल्या, भावकीतल्या दौलूभावजींना हाक मारली. ती हाक मला अजून ऐकू येते. बाईच्या गळ्यातून असा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि गावातली बालवाडी चालवत होते. नवरा मुंबईत गोदीत कामाला. सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेले. घरात आम्ही दोघीच, आणि त्या श्रावणापासून आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोलत होतो. बोलत नसल्या तरी आत्याबाई मला एकटीला कुठं सोडत नसत. विहिरीवर गेले की मागं, परड्यात गेले की मागं. बालवाडी सुटायच्या आधीच दाराशी येऊन बसलेल्या असत. मला तो पहारा वाटायचा. मनात राग साठत होता.

दौलूभावजी हातातलं खोरं टाकून आले. त्यांनी पेंढ्या बांधायचं चऱ्हाट घेऊन माझ्या गुडघ्यावर करकचून बांधलं. मी कळवळले.

"काकी, नागोबाच्या देवळात नेऊया. भगत घरातच असंल," ते म्हणाले. "उतरवतोय तो. गेल्या साली पाटलाच्या गड्याला उतरवलं."

आत्याबाई म्हणजे रस्त्यातल्या प्रत्येक शेंदूर लावलेल्या दगडाला हात जोडणाऱ्या बाई. सोमवार, शनिवार, चतुर्थी, काही चुकवत नसत. त्या म्हणाल्या, "देवाला मागनं भेटू. तू गाडी काढ."

"तालुका सतरा किलोमीटर हाय, काकी. वाटंत काय झालं तर?"

"हितं बसून काय हुईल ते मला ठावं हाय. गाडी काढ, दौलू."

दौलूभावजींची राजदूत मोटारसायकल होती. दुधाचे कॅन लावून लावून तिची दोन्ही अंगं चेपलेली. ते पुढं बसले, मला मधे बसवलं आणि मागून आत्याबाई बसल्या. त्या मोटारसायकलवर कधी बसल्या नव्हत्या. लुगड्याचा काचा घट्ट मारून त्या पुरुषासारख्या दोन्हीकडं पाय टाकून बसल्या आणि माझ्या पोटाभोवती दोन्ही हातांची मिठी घातली. तीन महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदा असं जवळ घेतलं होतं.

रस्ता असा नव्हताच. गाडी दगडावरून उडाली की कळ घोट्यातून निघून मांडीत यायची. पाय डोळ्यांदेखत सुजत होता. जोडवी रुतायला लागली. मला झापड येत होती, ती विषाची होती की भीतीची कोण जाणे. माझी मान दौलूभावजींच्या पाठीवर टेकली.

"झोपू नको," आत्याबाई कानाशी म्हणाल्या. "मालन, ऐकू येतंय काय? बालवाडीची हजेरी सांग."

"काय?"

"रोज घेतीस की. पोरांची नावं. सांग."

मी सांगायला लागले. "छाया. बबन. उत्तम. गुरवाचा मारुती. शोभी. दोन्ही सुनीता..." प्रत्येक नावाला त्या "हं" म्हणत होत्या, जणू त्यांच्यासमोर वही उघडी आहे. तेवीस पोरं होती. चौदाव्यापाशी मी अडले. पोराचा चेहरा समोर होता. वाहतं नाक, डावा हात कायम तोंडात, एक गुंडी तुटलेला निळा सदरा. नाव येईना. रोज घेतलेलं नाव. डोकं खाजवत राहावं तसं मी ते शोधत राहिले आणि ते मिळत नव्हतं. तेव्हा मला खरी भीती वाटली. पाय जाईल, रक्त जाईल, ते वेगळं. हे आतूनच पुसलं जातंय, आणि एकेक करत सगळंच जाणार, असं वाटलं.

"आत्याबाई, आठवंना. मला नाव आठवंना."

"कुणाचं प्वार?"

"सुताराचं."

"मग सुताराचं म्हण आनि फुडं चल. थांबायचं न्हाई."

मी पुढं गेले. तोंडात काहीतरी खारट लागत होतं. थुंकले तर लाल. हिरड्यांतून रक्त येत होतं. मी ते आत्याबाईंना सांगितलं नाही. पण माझी थुंकी वाऱ्यानं मागं त्यांच्या बाहीवर गेली असणार, कारण त्यांची मिठी आणखी आवळली.

नदीवरच्या बंधाऱ्याशी गाडी थांबली. उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. बंधाऱ्याच्या मधोमध उसानं भरलेली बैलगाडी अडकून बसली होती, एक चाक फरशीच्या फटीत गेलेलं. गाडीवान बैलांच्या तोंडाशी उभा राहून त्यांना गोंजारत होता. बंधाऱ्याला कठडा नाही. गाडीच्या चाकापासून कडेपर्यंत दीड-दोन हात जागा होती आणि खाली अडवलेलं पाणी, हिरवं, खोल.

"मोटरसायकल ढकलत निघंल," दौलूभावजी म्हणाले. "पण माणसं बसून न्हाई. वैनीनं चालू नये म्हणत्यात. चाललं की विष चढतं."

आत्याबाई उतरल्या. माझ्यापुढं पाठ करून खाली बसल्या. "ये," म्हणाल्या. "पाठीवर ये."

"तुम्हाला झेपायचं नाही."

"ये म्हणते न्हवं."

त्यांचं वय तेव्हा पंचावन्न. मी त्यांच्या गळ्यात हात टाकले. त्या उठल्या, एकदा डगमगल्या, मग पाय रोवले. उसाची पाती बाजूनं बाहेर आली होती. ती माझ्या तोंडावर, त्यांच्या तोंडावर ओरखडत होती. त्या तोंड उसाकडं करून, एक हात मोळ्यांना धरत, आडव्या आडव्या सरकायला लागल्या. माझा सुजलेला पाय पाण्यावर लोंबत होता. मी खाली बघितलं. पाण्यात आमचं दोघींचं एकच काळं रूप हलत होतं. आत्याबाईंचा श्वास मोठा मोठा होत होता आणि प्रत्येक पावलाला त्यांच्या टाचेखालची वाळू करकरत होती. एकदा त्यांची टाच निसटली. अर्धं पाऊल कडेबाहेर गेलं. मी डोळे मिटले. मी श्वास घेतला नाही, त्यांनीही घेतला नाही. मग वाळू परत करकरली.

पलीकडं पोचल्यावर त्यांनी मला खाली ठेवलं नाही. दौलूभावजी मोटारसायकल काढेपर्यंत तशाच पाठीवर घेऊन उभ्या राहिल्या.

सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. डॉक्टर तरुण होते, माझ्याहून फार तर तीन-चार वर्षांनी मोठे. त्यांनी आधी पाय बघितला, मग गुडघ्यावरचं चऱ्हाट बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे असं बांधायचं नसतं. पाय जायचा अशानं." ते हळूहळू सोडवत त्यांनी विचारलं, "साप बघितला का?"

"घोणस," आत्याबाई म्हणाल्या.

"किती वाजता?"

"साडेनवाच्या सुमारास."

त्यांनी माझ्या दंडातून रक्त काढलं. तिथल्या फर्नांडिस सिस्टरनं एक काचेची नळी आणून दिली, कोरडी, स्वच्छ, लहान. थोडं रक्त त्यांनी तिच्यात घातलं आणि ती खिडकीच्या कट्ट्यावर स्टँडमध्ये उभी करून ठेवली. सुई काढलेल्या जागेवर लावलेला कापूस तेवढ्यात लाल झाला. सिस्टरनं दुसरा लावला. तोही झाला.

"हिला हात लावायचा नाही, हलवायची नाही," डॉक्टर म्हणाले. "वीस मिनिटांनी मी येऊन वाकडी करून बघणार. रक्त गोठलेलं असलं तर चांगलं. पातळ राहिलं असलं तर विष रक्तात गेलंय. मग औषध सुरू करायचं."

"आनि औषध हाय न्हवं?" आत्याबाईंनी विचारलं.

"आहे. पण ते औषधही अंगावर येऊ शकतं. म्हणून बघून देतो."

ते बाळंतिणींच्या खोलीकडं गेले. सिस्टर सलाईन लावून औषध काढायला गेली. दौलूभावजी बाहेर गाडीपाशी. खोलीत मी, आत्याबाई आणि कट्ट्यावरची ती नळी.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती. मी नळीकडं बघत होते. रक्त बाहेरून तर तसंच दिसत होतं. गोठतंय की नाही ते बघून कसं कळणार. हलवता तर येत नव्हती. माझं आयुष्य बोटभर काचेत उभं होतं आणि त्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. पलीकडच्या खोलीत कुणीतरी बाळंत होत होतं, कण्हत होतं. मी कान बंद करून घेतले.

आत्याबाई खाटेच्या कडेला बसल्या. उसाच्या पात्यानं त्यांच्या गालावर एक लांब ओरखडा उठला होता. मग माझ्याकडं न बघता अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मालन. एक इचारते. खरं सांग."

"काय?"

"पाय तू आपनहून घातलास काय?"

मला कळलं नाही आधी. मग कळलं.

"नाही," मी म्हणाले. "दिसलीच नाही मला ती."

"मग हाक का न्हाई मारलीस? मी वाकूनच बघत हुते तुझ्याकडं. तुझ्याकडंच बघत असते मी. ती चावल्यावर तू हुबी हुतीस. किती येळ हुबी हुतीस."

श्रावणात माझी मुलगी गेली होती. आठव्या महिन्यात, जन्मायच्या आधीच. तालुक्याच्या याच दवाखान्यात, पलीकडच्या त्याच खोलीत. त्यानंतर मी रडले नव्हते. जेवत होते, बालवाडी घेत होते, पाणी भरत होते. फक्त रोज सकाळी डोळे उघडले की वाटायचं, परत उजाडलं. विहिरीच्या कठड्यावर मी कधी कधी नको तेवढा वेळ उभी राहायचे. हे कुणाला कळलं असेल असं मला वाटलं नव्हतं. आत्याबाई मागून का येत होत्या ते त्या खाटेवर मला पहिल्यांदा समजलं.

घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. खोटं बोलायला मला वेळच नव्हता.

"पहिल्यांदा वाटलं, बरं झालं," मी म्हणाले. "आता आपल्याला काही करावं लागणार नाही. सुटले, असं वाटलं."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत असावं.

"आनि मग?"

"मग भीती वाटली."

"कशाची?"

"मरायची."

त्या माझ्याकडं वळल्या. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. "व्हय? लई भीती वाटली?"

"लई. अजून वाटतीया. आत्याबाई, मला मरायचं नाही. त्या सुताराच्या पोराचं नाव आठवल्याशिवाय पण मला मरायचं नाही." मी काय बोलत होते मला कळत नव्हतं. तीन महिन्यांचं रडू एकदम आलं आणि त्याबरोबर हिरड्यांतलं रक्त ओठांवर आलं.

आत्याबाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं. त्या रडत होत्या आणि त्याच वेळी हसतही होत्या. "मग झालं," म्हणाल्या. "भ्यालीस ते बरं केलंस. भी, पोरी. आनि भी. मला चांगलं वाटतंय."

डॉक्टर आले. त्यांनी घड्याळ बघितलं, नळी दोन बोटांत धरली आणि हळूच वाकडी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं.

डॉक्टरांमागून आलेली सिस्टर औषध आणायला पळत गेली.

औषधाच्या बाटल्या एकामागून एक सलाईनमध्ये गेल्या. मी दहा मोजल्या. चौथीच्या वेळी अंगावर गांधी उठल्या, थंडी भरली, खाट हलेल इतकी. छाती बंद झाल्यासारखी झाली. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं आणि औषध थोडा वेळ बंद करून परत चालू केलं. त्या वेळात आत्याबाईंनी माझा चांगला पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी जाईन तर तो ओढून परत आणू, असा.

संध्याकाळी सहाला परत रक्त काढलं, परत नळी, परत वीस मिनिटं. या वेळी डॉक्टरांनी ती वाकडी केली, मग आणखी वाकडी केली, मग पूर्ण उलटी धरली. रक्त तळाशी तसंच राहिलं, पिकल्या जांभळासारखं. डॉक्टरांनी ते मला दाखवलं, आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी नळीला हात जोडले. डॉक्टर लाजले.

मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सिस्टर दर दोन तासांनी येऊन एकच विचारायची, "लघवी झाली?" झाली नव्हती. सकाळी चमचाभर झाली होती, कोऱ्या चहासारखी काळपट. मग काहीच नाही. तोंड सुजलं. संध्याकाळी डॉक्टरांनी आत्याबाईंना बाहेर बोलावलं, पण दार उघडं होतं. "या सापानं मूत्रपिंडं बंद पडतात कधी कधी. उद्या अकरापर्यंत वाट बघतो. नाहीतर कोल्हापूरला मशीनवर न्यावं लागेल."

त्यानंतरची भीती पहिल्या दिवसासारखी नव्हती. ती हळू होती. तिला कळ नव्हती, रक्त नव्हतं. मी पडून राहिले आणि आयुष्यात ज्याचा कधी विचार केला नव्हता त्या एका गोष्टीची वाट बघत राहिले. पोटावर हात ठेवून, आतल्या दोन अवयवांना, मी कधी न बघितलेल्यांना, मनातल्या मनात विनवत राहिले. आत्याबाई खाली जमिनीवर बसून होत्या. दोन दिवस त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी अँब्युलन्स दारात येऊन उभी राहिली. दौलूभावजी कपडे घेऊन आले. दहाच्या सुमाराला मला ओटीपोटात जड वाटलं. मी आत्याबाईंना खूण केली. त्यांनी भांडं आणलं, पडदा ओढला.

आधी काहीच झालं नाही. मग झालं. एवढा साधा आवाज, भांड्यावर पाण्याचा. पण पडद्यापलीकडचं बोलणं थांबलं. आत्याबाई माझ्या पाठीला हात लावून उभ्या होत्या.

फर्नांडिस सिस्टर मापाचं भांडं घेऊन आली, ओतलं, खिडकीच्या उजेडात धरलं. "दीडशे," ती म्हणाली. "आणि रंग पण बरा आहे."

"दीडशे म्हंजे चांगलं?"

"चांगलं म्हणजे काय आजी, सोनं आहे."

आत्याबाई पडदा सारून वॉर्डात गेल्या आणि प्रत्येक खाटेपाशी जाऊन सांगू लागल्या, "सुनंला लघवी झाली. दीडशे झाली." आंघोळ घालून आणलेल्या एका म्हाताऱ्या माणसालाही सांगितलं, त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून दोनदा. मी लाजेनं तोंडावर चादर घेतली आणि चादरीखाली हसले. हसताना बरगड्या दुखत होत्या. माझ्या अंगाला घामाचा, औषधाचा वास येत होता. पाय भोपळ्यासारखा होता. दंडाला काळे-निळे डाग होते. आणि त्या सगळ्या दुखऱ्या अंगावर मला इतकं प्रेम आलं की काय करावं समजेना. मी चादरीत स्वतःचाच हात हातात धरून पडले. लेकीची आठवण आली. ती तशीच दुखली. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी जिवंत आहे याबद्दल मला तिच्यापुढं अपराधी वाटलं नाही.

अँब्युलन्स मोकळीच परत गेली.

याला आता एकतीस वर्षं झाली. पुढं मला दोन मुलं झाली. आत्याबाई ऐंशी ओलांडून गेल्या. पाऊस लागला की माझा तो घोटा अजून ठणकतो, आणि ठणकला की मला बरं वाटतं. घरातले हसतात.

अँब्युलन्स गेली त्या दुपारी दौलूभावजी गावाकडं परतले. मी जागी होऊन बघते तर आत्याबाई खाटेखाली गोधडी न घालताच लवंडल्या होत्या आणि घोरत होत्या. तोंड उघडं, एक हात माझ्या खाटेच्या पायाला धरलेला. अख्ख्या वॉर्डात दुसरा आवाज नव्हता. शेजारच्या खाटेवरची बाई वैतागून म्हणाली, "उठवू काय हो तुमच्या सासूला? डोळा लागू देईनात."

"नको," मी म्हणाले. "घोरू द्या त्यांना."

त्यांचा श्वास आत जायचा, थांबायचा, आणि मोठा आवाज करत बाहेर यायचा. मी कूस बदलून, खाटेच्या कडेला कान लावून, तो ऐकत राहिले.